बिळात राहणारा महाकाय प्राणी
(इयत्ता ५ वी : परिसर अभ्यास व चित्रकला यांचा संयुक्त पाठ)

अद्भुताची ओढ बालमनास उपजतच असते. पूर्वी ती राक्षसांच्या गोष्टींनी भागत असे. आज ती बहुधा मोबाइलवरील व्हिडिओ खेळांनी भागते. जमीन फोडून अकस्मात वर येणारा प्रचंड प्राणी अशा खेळांत वारंवार भेटतो. जमीन खणण्यावरच रचलेला ‘डिग डग’ हा जपानी खेळ १९८२ साली निघाला, इतकी ही कल्पना जुनी आहे. शिक्षकांनी या आवडीचा अव्हेर करू नये. मुलांनाच असा प्राणी रचावयास सांगावे. मात्र त्याच्या प्रत्येक अवयवाचे कारण त्यांच्याकडून मागावे.

साहित्य : कागद, रंगखडू, कोरडी वाळू, पाणी, घमेले, मातीचे सारख्या आकाराचे ८ घन.

१. निरीक्षण. भाट्ये येथे काजळी नदीच्या मुखाजवळची पुळण ही या पाठाची उत्तम प्रयोगशाळा होय. ओहोटीच्या वेळी मुलांस तेथे न्यावे. वाळूत बिळे करणारा पांढुरका खेकडा एका बाजूच्या पायांत ओली वाळू कवटाळून वर आणतो व दूर फेकतो. तो कल्ल्यांनी श्वास घेतो. कल्ले ओले राहावेत म्हणून बीळ ओलसर वाळूपर्यंत नेतो. त्याचे डोळे देठांवर असल्यामुळे शरीर बिळात ठेवूनही त्यास बाहेरचे दिसते. त्याहून लहान खेकडे वाळूतील अन्नकण खाऊन उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती मांडतात. शेताच्या बांधातील घूस पंजांनी व दातांनी खणते. ओलसर मातीतील देवगांडूळ कठीण डोक्याने वाट काढते. साधने निराळी, परंतु प्रत्येकाचे कारण आहे.

२. वाळूचा प्रयोग. घमेल्यात प्रथम कोरड्या, मग ओलसर व शेवटी पाण्याने थबथबलेल्या वाळूत बोगदा करून पाहावा. ओलसर वाळूतील बोगदाच टिकतो. कारण कणांमधील थोडे पाणी त्यांस एकत्र धरून ठेवते. बोगदा रुंद करीत गेल्यास मात्र छत ढासळते.

३. आकाराचा प्रयोग. एक घन शेजारी ठेवून ८ घनांचा एक मोठा घन रचावा. बाजू दुप्पट झाली, तळ चौपट झाला, वजन मात्र आठपट झाले. यावरून १० पट लांब खेकड्याचे वजन १००० पट होईल. पायांची जाडी क्षेत्रफळाने १०० पटच वाढेल. हा नियम गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात विशद केला आहे. निकोबार बेटांवर आढळणारा नारळी खेकडा हा जमिनीवरील संधिपाद प्राण्यांत सर्वांत मोठा. तोही सुमारे ४ किलोच भरतो.

४. रचना. आता मुलांनी गटागटाने प्राण्याचे चित्र काढावे व पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत : तो कशाने खणतो? काढलेली माती कोठे जाते? छत कशाने टिकते? श्वास कसा घेतो? एवढे वजन कशावर पेलतो? तो वर येणार हे खेळणाऱ्यास कोणत्या खुणेवरून कळेल? एखादा मुलगा पाय जाड करील, एखादी मुलगी पायच काढून टाकून गांडुळासारखे शरीर देईल, कोणी भिंतींस चिकट लेप देणारा प्राणी रचील. तिन्ही उत्तरे ग्राह्य मानावीत. ‘तो जादूने खणतो’ या उत्तरास मात्र ‘मग ती जादू केव्हा चालत नाही?’ असा प्रतिप्रश्न करावा. कारण खेळासही नियम लागतात.

दक्षता. भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात व मुलांची गणना पुन:पुन्हा करावी. सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्याहून खोल खड्डा कोणासही खणू देऊ नये, बोगद्यात शिरू देऊ नये. घमेल्यात ढासळलेले छत येथे प्राणावर बेतू शकते, हे मुलांस स्पष्ट सांगावे. परतण्यापूर्वी खड्डे बुजवावेत. खेकड्यांची बिळे मोडू नयेत.

मूल्यमापन. चित्राच्या सुबकतेपेक्षा कारणांस अधिक गुण द्यावेत. नेहमी मागे बसणारे एखादे कोळ्याचे मूल खेकड्याविषयी सर्वांहून अधिक सांगेल. त्यास फळ्यापाशी बोलवावे व वर्गाने त्याचे ऐकावे.