भंगार म्हणजे कच्चा माल : पुनर्चक्रणाची तोंडओळख

काचेच्या रिकाम्या बरणीत आईने लोणचे भरले तर तो झाला पुनर्वापर. तीच बरणी फुटली आणि तिच्या काचा भट्टीत वितळवून नवी बाटली केली, तर ते झाले पुनर्चक्रण. पुनर्चक्रणाला इंधन, पाणी व यंत्रे लागतात. म्हणून जी वस्तू आहे तशी वापरता येते, ती मोडीत काढण्याची घाई करू नये.

प्रत्येक पदार्थाची रीत वेगळी. रद्दी कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात, शाई व टाचण्या काढतात आणि पुन्हा कागद लाटतात. मात्र दर फेरीत त्यातील तंतू आखूड होतात. म्हणून वहीच्या कागदाचा पुढे पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचा अंड्यांचा ट्रे होतो. भज्यांचे तेल प्यालेला कागद या कामी फारसा उपयोगी नाही, कारण तेल लगद्यातून सहज सुटत नाही. काच व धातू यांना झिजण्याची ही अडचण नाही. बॉक्साइटपासून अॅल्युमिनियम बनविण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत मोडीतून तेच अॅल्युमिनियम मिळते. भंगारवाला म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात घ्यावा!

खरी कसोटी प्लास्टिकची. प्लास्टिक हे एका पदार्थाचे नाव नाही. पाण्याच्या बाटलीचे व तिच्या झाकणाचे लहान तुकडे करून पाण्यात टाकून पाहा : झाकणाचे तरंगतील, बाटलीचे बुडतील. बाटली ‘पेट’ची, झाकण दुसऱ्याच जातीचे. ज्या उष्णतेला पेट वितळते, त्या उष्णतेला पीव्हीसी जळून विघटन पावते. त्यामुळे पीव्हीसीचे थोडे तुकडे मिसळले तरी सारा माल नासतो. मुंबईच्या धारावीत प्लास्टिक आधी जातीनुसार व रंगानुसार निवडतात, मग यंत्रात भरडतात, धुतात, वाळवतात, वितळवून त्याच्या लांब दोऱ्या काढतात आणि त्या कापून ‘दाणा’ तयार करतात. हाच दाणा कारखान्यात जाऊन नवी वस्तू बनते. म्हणजे यंत्राच्या आधी निवड आली. निवड चुकली तर पुढचे सारे व्यर्थ.

ही निवड कोण करते? आपल्या शहरांत मुख्यतः कचरावेचक. पुण्यात या कामात बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्या बहुतांशी दलित समाजातील आहेत. चुरगाळल्यावर होणाऱ्या आवाजावरून प्लास्टिकची जात ओळखणे हे ज्ञानच आहे, जरी त्याचे प्रमाणपत्र कोणी देत नाही. १९९३ साली त्यांनी डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. आपण भीक मागत नाही, शहराचे काम करतो, ही त्यांची भूमिका होती. २००८ पासून त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. उकिरड्यावर वाकून वेचणे आणि दारात उभे राहून हक्काने घेणे, यांत फार अंतर आहे.

परंतु दारातही तिच्या हाती काय पडते, हे आपल्या डब्यावर ठरते. उष्ट्या वरणात भिजलेली रद्दी विकली जात नाही. कोरडा माल वेगळा ठेवला तर तोच तिची कमाई असतो. फुटकी काच व ब्लेड जाड कागदात गुंडाळावे. सॅनिटरी पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते उघडून पाहण्याची वेळ कोणावर येत नाही. वेफर्सच्या चकचकीत पुड्यांत मात्र प्लास्टिक व अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगाराच्या दुकानात त्यांना सहसा भाव मिळत नाही. उचलण्याचे श्रम मात्र तेवढेच पडतात.