चुका पोटात न घालणारी गाडी

चौदा वर्षं मी एकच दुचाकी चालवली, शंभर सीसीची स्प्लेंडर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे: दोन लेथ, एक होनिंग मशीन आणि तीन माणसं. दिवसभर दुसऱ्यांच्या इंजिनांचे सिलिंडर घासायचे आणि संध्याकाळी किक मारून घरी जायचं, असा शिरस्ता. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी माझ्या डोक्यातल्या किड्याला निमित्त मिळालं. २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, स्पोर्ट्स बाईक दारात आली.

गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. तीनशे सीसीच्या आसपास, दोन सिलिंडर, सहा गिअर, अंगभर फेअरिंग, वजन पावणेदोनशे किलो. एवढी ओळख पुरे. पहिल्या चार-पाच महिन्यांत जे कळलं, ते इथे क्रमाने मांडतो.

१. नवं टायर आणि लिंबू

शोरूमच्या दारात आईने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. लिंबं चिरडून मी रस्त्यावर आलो, डावीकडे वळताना जरा जादा रेस दिली आणि मागचं चाक बोटभर सरकलं. पोटात गोळा आला.

दोष लिंबाचा होता तेवढाच टायरचा आणि त्याहून जास्त माझा. नव्या टायरचा पृष्ठभाग तुकतुकीत असतो. तो रस्त्यावर घासून खरखरीत होईपर्यंत पूर्ण पकड देत नाही. पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणावर हळूहळू कलत जायचं, एकदम झोपायचं नाही. हँडलला बांधलेला झेंडूचा हार तर घरापर्यंतसुद्धा नेऊ नका. माझ्या हाराचं एक टोक पुढच्या चाकाकडे लोंबत होतं, ते सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने दाखवलं. पूजा जरूर करावी. मग हार काढून डिकीत... या गाडीला डिकी नसते, तेव्हा आईच्या हातात द्यावा.

२. रन-इन म्हणजे काय, हे मला आधीच माहीत असायला हवं होतं

माहितीपुस्तिकेत पहिल्या ८०० किलोमीटरसाठी ४,००० आरपीएमची मर्यादा होती. ज्या इंजिनाचा काटा तेरा हजारांपर्यंत जातो, त्याला चार हजारांवर चालवायचं! टॉप गिअरमध्ये पन्नास-पंचावन्नचा वेग. शिरोलीच्या हायवेवर दुधाचे कॅन लावलेल्या स्प्लेंडरने मला ओव्हरटेक केलं. दूधवाल्याने वळून पाहिलं, त्या नजरेत कीव होती.

कारण मात्र माझ्याच धंद्यातलं होतं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर आम्ही होनिंग करतो तेव्हा एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम ठेवतो. त्या रेघांत ऑइल धरून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासत घासत आपली जागा करून घेतात. याला आम्ही ‘रिंगा बसणं’ म्हणतो. रिंगा बसण्याआधीच इंजिन ताणलं तर उष्णता वाढते, रेघा गुळगुळीत होतात आणि पुढे गाडी ऑइल प्यायला लागते. एकाच वेगाने तासन्‌तास जाणंही वाईट. वेग थोडा वर, थोडा खाली, असा बदलता ठेवायचा.

हजार किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला काढलेलं ऑइल मी पांढऱ्या ट्रेमध्ये मागून घेतलं आणि उन्हात धरलं. त्यात चांदीच्या वर्खासारखी चमक होती. ही सगळी नव्या भागांची झीज. म्हणून पहिलं ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलायचा, ‘अजून चालतंय की’ म्हणून लांबवायचा नाही.

३. गाडी पडते ती उभ्या उभ्याच

पाचव्या दिवशी वर्कशॉपसमोरच्या चहाच्या टपरीपुढे यू-टर्न घेत होतो. वेग माणसाच्या चालीचा, हँडल पूर्ण वळलेलं, समोर कुत्रं आलं. हात सवयीने पुढच्या ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी आत झुकली. एका ठरावीक कोनापलीकडे पावणेदोनशे किलो कुणालाच धरून ठेवता येत नाहीत. मी फक्त पाय बाजूला काढला. टपरीवाल्या मामांनी कप विसळता विसळता विचारलं, “मालक, आडवी पाडून ऑइल बघतायसा का?”

हँडलबारचं टोक आणि ब्रेकची मूठ खरचटली. बाकी लागलं ते अभिमानाला.

स्प्लेंडरवर मी हीच चूक चौदा वर्षं करत होतो. तिचा ड्रम ब्रेक हळू धरायचा, वजन कमी, पाय सहज टेकायचे. म्हणजे ती माझी चूक पोटात घालायची आणि मला वाटायचं, आपल्याला गाडी येते. नवी गाडी पोटात काही घालत नाही. लगेच तोंडावर सांगते. पुढचे सगळे धडे याच वाक्याचे आहेत.

तेव्हा हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक नाही. मंद वेगात हाफ क्लच आणि मागचा ब्रेक, नजर कुत्र्यावर नाही तर जायच्या दिशेला. पडलीच तर आधी इंजिन बंद करायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची, पाठ गाडीकडे करून बसायचं आणि पायांच्या जोरावर उचलायची. कमरेने उचलायला गेलात तर पुढचा आठवडा पलंगावर.

४. मनगट दुखतंय म्हणजे बसणं चुकतंय

पहिले तीन आठवडे संध्याकाळी चहाचा कप उचलताना मनगट ठणकायचं. खाली असलेल्या हँडलवर मी अख्खा भार टाकत होतो. एका जुन्या रेसर मित्राने शर्टाच्या पाठीला धरून मागे ओढलं आणि म्हणाला, “टाकी गुडघ्यांनी धर. हातात फक्त चिमणी धरल्यासारखी पकड ठेव. कोपरं सैल.” भार पोटाच्या आणि मांड्यांच्या स्नायूंवर आला आणि दोन दिवसांत मनगट गप्प झालं. हात सैल राहिले की आणखी एक फायदा होतो: खड्ड्यातला हादरा हँडलमध्येच जिरतो, गाडी आपली आपण सरळ होते. घट्ट धरलेल्या हातांनी आपणच तिला वाकडं करत असतो.

मागची सीट मात्र नावापुरती. बायको एकदा महाद्वार रोडपर्यंत बसली आणि उतरल्यावर म्हणाली, “अहो, ही गाडी तुम्ही एकट्यासाठी घेतलीय, हे दुकानातच सांगायचं होतं.” दसरा चौकाच्या सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गुडघ्यावर गरम वारा येतो, तो वेगळाच.

५. थांबण्याची प्रॅक्टिस वेगळी करावी लागते

वेग वाढवायला कुणी शिकवावं लागत नाही. मूठ पिळली की झालं. थांबण्याचं तसं नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. ताशी ८० ला गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. म्हणजे समोरचं दिसून बोटं ब्रेकपर्यंत पोचेपर्यंत एसटीच्या दोन बसगाड्यांएवढं अंतर गेलेलं असतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीतल्या एका रिकाम्या रस्त्यावर मी फक्कीने आडवी रेघ मारली. ताशी ६० ने यायचं, रेघेवर ब्रेक लावायचा आणि थांबल्यावर उतरून पावलं मोजायची. पहिल्या दिवशी ३१ पावलं भरली. चौथ्या रविवारी २३. गाडी तीच, ब्रेक तेच. फरक एवढाच की आधी मी मूठ एकदम दाबत होतो. आता पहिल्या क्षणी हलकं दाबून पुढच्या चाकावर वजन येऊ देतो आणि मग जोर वाढवतो. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झेपावतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं. ‘पुढचा ब्रेक लावला की पडतोस’ हे आपल्या पिढीला सायकलवर शिकवलेलं विसरायला मला महिना लागला.

नव्या गाड्यांत एबीएस असतं. २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना ते सक्तीचंच आहे. ते काम करायला लागलं की ब्रेकच्या मुठीत थरथर जाणवते. घाबरून मूठ सोडायची नाही, दाबूनच ठेवायची. ही थरथर पहिल्यांदा रिकाम्या रस्त्यावर अनुभवावी, ट्रकच्या मागे नाही.

६. घाटात डोळे जातात तिकडे गाडी जाते

वाघबीळवरून पन्हाळ्याला चढणारा रस्ता हा कोल्हापूरच्या प्रत्येक नव्या बाईकवाल्याचा पहिला वर्ग. तिथल्या एका उजव्या वळणावर मी जरा जोरात शिरलो आणि नजर जाऊन बसली कठड्यावर. गाडीही निघाली कठड्याकडेच. कशीबशी मान वळवून वळणाच्या शेवटाकडे पाहिलं, तशी ती वळली.

दोन गोष्टी पक्क्या झाल्या. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. आणि उजवीकडे वळायचं तर उजवी मूठ हलकेच पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं, पण चालत्या दुचाकीला कलवण्याची तीच रीत आहे. स्प्लेंडरवरही आपण नकळत तेच करतो. इथे वजन जास्त आणि टायर रुंद, म्हणून जाणून करावं लागतं.

दिवाळीनंतर ऊसतोड लागली आणि अभ्यासक्रम बदलला. रस्त्यात सांडलेला ऊस, पाचट, आणि रात्री मागे दिवा नसलेल्या दुहेरी ट्रॉल्या. गाडीचा उजेड जेवढ्या अंतरापर्यंत पोचतो, तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग, हा माझा रात्रीचा नियम. आंबोलीला पहाटे गेलो तेव्हा झाडांखालचा रस्ता दवाने ओला होता. ऊन पडलेला पट्टा कोरडा, सावलीतला निसरडा, पट्ट्यापट्ट्याने. पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांवर तर ओल असताना कलूच नये.

७. रविवारची दहा मिनिटं

स्प्लेंडरची चेन बंद डब्यात असते. वर्षातून चार वेळा आठवण आली तरी भागायचं. हिची चेन उघडी. पाचेकशे किलोमीटरनंतर, किंवा भिजली की लगेच, ती पुसून तेल द्यायचं. गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना दिलं तर आत मुरतं. रॉकेल, मऊ ब्रश आणि ९० नंबरचं गिअर ऑइल यावर माझं भागतं. इंजिन बंद ठेवूनच चाक हाताने फिरवायचं. गिअरमध्ये चाक फिरतं ठेवून फडकं लावताना बोटं गमावलेला माणूस मी वर्कशॉपमध्ये पाहिलाय.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. एकदा मागच्या चाकात चार-पाच पीएसआय कमी होती. स्प्लेंडरवर मला पत्ताही लागला नसता. इथे दुसऱ्याच वळणावर गाडी आळसावल्यासारखी वागली. मी उगाच सस्पेन्शनला दोष देत बसलो होतो.

८. किमतीच्या खालचा हिशोब

शोरूममधला आकडा हा पहिला हप्ता समजा. चांगलं आयएसआय हेल्मेट, बोटांवर आणि तळव्यावर संरक्षण असलेले हातमोजे, कोपर-खांद्याला पॅड असलेलं जॅकेट आणि घोट्यावर येणारे बूट, एवढं गाडीसोबतच घ्या. ‘पुढच्या महिन्यात’ म्हटलेलं जॅकेट कधी येत नाही. विम्यात झिरो डेप्रिसिएशन घ्यावं. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि या गाडीचं अर्धं रूप प्लॅस्टिकचंच आहे. सायलेन्सर बदलायचा मोह झाला तर ते पैसे टायरसाठी बाजूला ठेवा.

‘किती देते?’ आणि ‘टॉप किती मारली?’ हे दोन प्रश्न रोज येतात. पहिल्याला खरं उत्तर द्या. दुसऱ्याला “अजून रन-इन चालू आहे” म्हणा. मी अजून तेच सांगतो.

आज मीटरवर ४,१८० किलोमीटर आहेत. हँडलबारचं खरचटलेलं टोक शंभर-दोनशे रुपयांत बदलून मिळेल, पण तसंच ठेवलंय. यू-टर्न घेताना नजर तिथे जाते आणि बोटं पुढच्या ब्रेकवरून आपोआप सुटतात. पुन्हा हीच गाडी घेशील का, असं विचारलंत तर हो, घेईन.

तुम्ही घेणार असाल तर शोरूममध्ये सीटवर बसून फोटो काढण्याआधी एक करा. विक्रेत्याला विचारून गाडी बंद असतानाच बाजूला उभं राहून दहा पावलं ढकला, हँडल पूर्ण वळवून फिरवा आणि जागेवर आणून स्टँडला लावा. मदतीला कुणी धावलं नाही, तर बुकिंग करा.