मुरबाड ते म्युझियम: स्वयंसेवेच्या मुलाखतीचा जमाखर्च

मुरबाडला रेल्वे नाही, आणि मुंबईची मोठी वस्तुसंग्रहालयं इथून तीन तासांवर. दहा-बारा वर्षं घर, मुलं आणि सासू-सासऱ्यांची आजारपणं सांभाळून झाल्यावर ज्यांना पुन्हा बाहेर पडावंसं वाटतं, आणि तेही म्युझियमसारख्या आवडीच्या ठिकाणी, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न पैशांचा येतो. स्वयंसेवक म्हणजे पगार नाही, वर गाडीभाडं आपल्याच खिशातून. हे परवडेल का?

बहुतेकांना परवडेल, फक्त हिशेब मुलाखतीच्या आधी मांडायला हवा. हाच हिशेब मुलाखतीतही उपयोगी पडतो. सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावरही जो ठरल्या दिवशी हजर राहतो, तोच स्वयंसेवक म्युझियमच्या कामाचा. "मी महिन्यातून चार शनिवार नक्की येईन" हे वाक्य खात्रीने म्हणता आलं, तर निम्मी तयारी झाली.

आधी जागा ठरवा

मुरबाडकरांसाठी दोन ठिकाणं सोयीची आहेत. पहिलं भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. ते १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं आणि १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. राणीच्या बागेच्या आवारातलं हे संग्रहालय भायखळा स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दुसरं फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुन्या पिढीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९२२ पासून सुरू असलेलं. सीएसएमटीला उतरून वीसेक मिनिटं चालावं लागतं किंवा बेस्टची बस धरावी लागते.

अर्ज करण्याआधी कार्यालयात फोन करून तीन गोष्टी विचारा: सध्या स्वयंसेवक घेता का, आठवड्यातून किमान किती दिवस यावं लागतं आणि मराठीतून माहिती सांगणारं कोणी हवं आहे का. फोनचा खर्च शून्य, आणि एक वाया जाणारी फेरी वाचते.

एका फेरीचा खर्च

मुरबाड ते कल्याण सुमारे ३० किलोमीटर. जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे झालं. पाच-सहा टप्प्यांचे एका बाजूने साधारण ५० ते ६० रुपये होतात. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे २५ ते ३० रुपये. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धंच, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. कल्याण ते सीएसएमटी लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट १५ रुपये. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं मे २०२५ पासून १० रुपये, एसी बसचं १२.

फोर्टच्या म्युझियमपर्यंत जाऊन-येऊन, जास्तीत जास्त धरून:

- एसटी: महिलांना ६० रुपये, पुरुषांना १२०
- लोकल: ३० रुपये
- बेस्ट: २० रुपये
- चहापाणी: ४० रुपये, डबा घरचा

म्हणजे महिलांना दिवसाला १५० रुपये, पुरुषांना २१०. भायखळ्याला गेलात तर बसचे वीस रुपये वाचतात. शहापूरकरांनी आसनगावहून थेट लोकल धरावी. लोकलचं तिकीट थोडं जास्त पडतं, पण एसटीचा मोठा टप्पा वाचतो.

वेळही पैशाइतकाच जपून मोजा. कल्याणपर्यंत तासभर, पुढे लोकलचा सव्वा ते दीड तास आणि मधली वाट बघणं धरून एका बाजूला तीन तास लागतात. मुलाखत अकराची असेल तर साडेसातची एसटी धरा. परतताना कल्याणहून मुरबाडची शेवटची गाडी किती वाजता आहे, ते आदल्या दिवशीच आगारात विचारून ठेवा. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा शक्य असेल तर मुलाखत दुसऱ्या दिवशी मागा.

मुलाखतीपर्यंत लागणारे पैसे

मुलाखतीआधी एकदा साधे प्रेक्षक म्हणून म्युझियम बघून या. ही फेरी टाळू नका. भायखळ्याचं संग्रहालय बुधवारी बंद असतं, हे लक्षात ठेवून दिवस ठरवा. प्रवेशशुल्कासाठी २०० रुपये बाजूला ठेवा. कमी लागले तर उरतील.

- पाहणीची फेरी, प्रवेशासह: महिलांना ३५०, पुरुषांना ४१०
- मुलाखतीचा दिवस: १५० किंवा २१०
- बायोडेटाच्या प्रती, आधार आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, एक फाइल: २००

एकूण महिलांना ७००, पुरुषांना ८२०. गाडी चुकली तर खासगी जीपने यावं लागेल, त्यासाठी आणखी तीनशे वेगळे ठेवा.

नवे कपडे घेऊ नका. इस्त्री केलेली सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस पुरेसा आहे. पायात सवयीच्या चपला असू द्या, कारण दालनांमध्ये तासन् तास उभं राहावं लागतं. निवड होण्याआधी महागडा कोर्स लावू नका. आणि स्वयंसेवक म्हणून घेण्यासाठी कोणी 'नोंदणी' किंवा 'डिपॉझिट' मागितलं, तर पैसे देण्याआधी म्युझियमच्या कार्यालयात स्वतः विचारा. आपण आपले श्रम देणार आहोत. त्यासाठी वर पैसे मोजायची गरज नाही.

मधल्या वर्षांचं काय सांगायचं?

"मधे गॅप पडलाय" असं खालमानेने म्हणू नका. बायोडेटात त्या वर्षांची एक सरळ ओळ लिहा: '२०१४ ते २०२५: घरातील ज्येष्ठांची देखभाल व मुलांचे संगोपन.' तारखा ओढूनताणून जुळवायच्या नाहीत आणि आजारपणाचे तपशीलही द्यायचे नाहीत.

त्याखाली या वर्षांत जे काम सांभाळलंत ते लिहा. बचत गटाचा हिशेब ठेवला, शाळा व्यवस्थापन समितीत बसलात, गावच्या उत्सवाची वर्गणी आणि खर्च बघितला, आजारी माणसाच्या औषधांच्या वेळा वर्षानुवर्षं चुकवल्या नाहीत. नोंद ठेवणं, गर्दी सांभाळणं, एकच गोष्ट दहाव्यांदा तितक्याच शांतपणे सांगणं हे म्युझियममध्ये रोज लागतं. विचारलं तर तीन वाक्यांत सांगा: का थांबले, त्या काळात काय केलं, आता वेळ कसा मोकळा झाला. तिथेच थांबा.

नाणेघाट सोबत न्या

मुरबाडच्या माणसाकडे या मुलाखतीसाठी एक मोठी शिदोरी आहे. वैशाखरेहून नाणेघाट चढलात की माथ्यावर सातवाहनांचं लेणं लागतं. त्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. राजघराण्याच्या पुतळ्यांची आता पावलंच उरली आहेत, वर कोरलेली नावं मात्र वाचता येतात. बाहेर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. कोकणातून जुन्नरकडे जाणारा माल याच वाटेने चढत असे.

यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे या लेखात आहेत, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या पुराव्यांत त्यांची गणना होते. १८७०च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्या अंकांवर लिहिलं. हेच भगवानलाल भाऊ दाजी लाडांबरोबर काम करत. ज्या संग्रहालयाच्या दारावर भाऊ दाजींचं नाव आहे, तिथे मुरबाडच्या उमेदवाराने हा धागा सांगितला, तर समोरच्याला कळतं की ही व्यक्ती ओढीने आलेली आहे.

पाहणीच्या फेरीत तीन वस्तू निवडा. फोर्टला गेलात तर घारापुरीची शिल्पं, मीरपूरखासच्या स्तूपाची मातीची शिल्पं आणि अकबराचं चिलखत यांपासून सुरुवात करता येईल. भायखळ्याला बाहेर ठेवलेला घारापुरीचा दगडी हत्ती आणि आत जुन्या मुंबईच्या लोकांची, धंद्यांची मातीची मॉडेल्स बघा. प्रत्येक वस्तूबद्दल दोन मिनिटं बोलता यायला हवं: काय आहे, कुठून आलं, आपल्या जगण्याशी त्याचं काय नातं. घरी मुलांसमोर किंवा गावच्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजींना विचारून याचा सराव करा. पाचवीच्या मुलांचं लक्ष टिकलं, तर म्युझियममध्येही टिकेल.

त्यांचे प्रश्न, तुमचे प्रश्न

चाळीस मुलांचा गट आला, एकाने मूर्तीला हात लावला, काय कराल? न ओरडता हात बाजूला घ्यायला सांगेन. हाताच्या घामाने दगडही खराब होतो, हे सगळ्यांना समजावेन. कोणी विचारलेलं माहीत नसेल तर? "मला माहीत नाही, विचारून सांगते" असं म्हणेन आणि खरंच विचारून सांगेन. ठोकून दिलेलं उत्तर म्युझियममध्ये चालत नाही.

शेवटी तुम्हीही विचारा: प्रशिक्षण किती दिवसांचं, ओळखपत्र आणि काम केल्याचं पत्र मिळेल का, प्रवासभाडं देता का? भाड्याबद्दल संकोच करू नका. "मी मुरबाडहून येते, एका फेरीला दीडशे रुपये लागतात. काही सोय होईल का?" इतकं पुरे. नाही म्हणाले, तरी तुमचा हिशेब पक्का आहे.

तीन महिन्यांचं गणित

आठवड्यातून एक दिवस, म्हणजे तीन महिन्यांत बारा फेऱ्या: महिलांना १,८००, पुरुषांना २,५२० रुपये. दोन दिवस जायचं तर दुप्पट. लोकलचा मासिक पास साधारण ३१५ रुपयांचा, म्हणून महिन्यात अकरा दिवस होत नाहीत तोवर सुटं तिकीटच स्वस्त. इतका खर्च जड वाटला तर सुरुवात कल्याणला करा. तिथल्या १८६४ सालच्या सार्वजनिक वाचनालयात मदतनीस हवा आहे का, विचारा. लोकलचं भाडं वाचतं, आणि पुढच्या मुलाखतीत सांगायला ताजं काम मिळतं.

मुलाखतीला जाताना फाइलमध्ये एक कॅलेंडर ठेवा. भातलावणीचा जुलै आणि कापणीचे आठवडे त्यावर खोडून ठेवा. मुलांच्या परीक्षा, डॉक्टरांच्या तारखाही खोडा. उरलेल्या दिवसांपैकी नक्की येता येतील तेवढ्यांवर गोल करा आणि तो कागद टेबलावर ठेवा. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत म्युझियममध्ये गर्दी असते. त्यातले दोन-चार दिवस जमत असतील तर तेही दाखवा. दिवस थोडे असले तरी ते घरच्यांशी बोलून, पैसे मोजून ठरवलेले आहेत, हे समोरच्याला दिसेल.