जुनी जीप घेऊन धंदा करायचाय? आधी पिढी ओळखा!



मागच्या महिन्यात रोह्याच्या बॅचमध्ये एका मुलाने मोबाईल माझ्यासमोर धरला. फोटोत एक जुनी जीप, अर्धी गवतात बुडालेली. म्हणाला, "सर, घाटावर एका शेतात उभी आहे. दीड लाख सांगतायत. रिस्टोअर करून विकली तर पाच लाख कुठे गेले नाहीत. घेऊ का?"

मुलगा धाटावच्या एमआयडीसीत नोकरी करतो. एफडी मोडून पैसे घालणार होता. मी त्याला हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. एकच विचारलं, "कुठल्या पिढीची आहे?"

तो म्हणाला, "जुनी आहे ना सर!"

तिथेच गडबड आहे. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा विषय इथे नीट समजावून घेऊ.

शौकीन माणूस "जुनं" मागत नाही, वर्ष सांगतो

जुन्या पिकअप ट्रकांचं खरं वेड बघायचं तर अमेरिकेत. तिथला शौकीन "एखादा जुना ट्रक द्या" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "शेवरोले सी-10, 1967 ते 1972." किंवा म्हणतो, "फोर्ड एफ-100, पण 1956 चाच." असं का? चार कारणं आहेत. वहीत लिहून घ्या, कारण ही कारणं ट्रकपुरती नाहीत.

1. हाताने दुरुस्त होतं. त्या काळच्या ट्रकला कार्बोरेटर, साधं वायरिंग आणि बॉनेटखाली भरपूर मोकळी जागा. घरच्या शेडमध्ये पाने घेऊन माणूस काम करू शकतो. पुढे धुराचे नियम कडक झाले, नळ्या आणि जोडण्या वाढल्या, नंतर इलेक्ट्रॉनिक्स आलं. हौशी माणसाचा हात तिथे थांबला.

2. सुटे भाग मिळतात. ज्या पिढीला मागणी, तिचे दरवाजे, रबरं, दिवे आजही नव्याने बनतात. भाग मिळतात म्हणून लोक ती गाडी घेतात, आणि लोक घेतात म्हणून भाग बनतात. हे चक्र एकदा फिरलं की शेजारची पिढी मागे पडते.

3. वेगळी खूण असते. फोर्डच्या 1953 ते 1956 या पिढीत फक्त शेवटच्या वर्षी पुढची काच बाजूंना वळवलेली आली. 1957 ला सगळी ठेवणच बदलली. म्हणून 1956 चा ट्रक लांबून ओळखू येतो. सी-10 चं उलट, खूण दिसत नाही पण बसल्यावर कळते. बहुतेक गाड्यांना मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग होते, त्यामुळे ट्रक असून कारसारखा चालायचा.

4. आठवण असते. लहानपणी वडिलांच्या किंवा आजोबांच्या ज्या गाडीत बसलो, ती गाडी माणूस हातात पैसा आल्यावर शोधतो.

आता आपल्याकडे या

अमेरिकन ट्रक आपल्याला परके नाहीत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज आणि फार्गो ट्रक जोडले जायचे. ते ट्रक राबून राबून बहुतेक भंगारात गेले. पण एक अमेरिकन गाडी इथेच राहिली आणि आपली झाली, ती म्हणजे विलीज जीप. महिंद्राने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत तिची जुळणी सुरू केली. त्यानंतर तिच्या पिढ्या पडत गेल्या, आणि प्रत्येक पिढीचं गिऱ्हाईक वेगळं आहे.

सीजे-3बी, म्हणजे उंच बॉनेटवाली. अमेरिकेत ही 1953 मध्ये आली. तिच्या "हरिकेन" पेट्रोल इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये होते. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. म्हणजे आज ज्या चेहऱ्यावर लोक जीव टाकतात, तो एका अडचणीतून निघालेला आहे! अमेरिकेने 1968 मध्ये हे मॉडेल थांबवलं, आपल्याकडे ते पुढेही बनत राहिलं. हिचं गिऱ्हाईक संग्राहक. त्याला मूळ इंजिनासकट हवी असते.

एमएम 540. महिंद्राने 1979 मध्ये प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. तेच 2112 सीसी इंजिन हिच्यात आलं. डिझेल, फोर बाय फोर, दणकट. हिचं गिऱ्हाईक गाडी शोभेला ठेवत नाही, चिखलात घालतं. त्याला मूळ रंगापेक्षा गिअर बॉक्स आणि फोर बाय फोर चालू असण्याशी मतलब.

2010 ची थार. आधुनिक डिझेल इंजिन, पण चेहरा जुन्या जीपचाच. ज्याला जुनं रूप हवं पण रोज गॅरेजची पायरी चढायची नाही, तो हिच्याकडे वळतो. 2020 ची थार पूर्ण नवी गाडी आहे. तिचं गिऱ्हाईक कुटुंबाला घेऊन फिरणारं आहे.

बघा, चारही "जीप"च. पण एकाचं गिऱ्हाईक दुसरीला हात लावणार नाही.

माझी स्वतःची फी

हे मला कुणी शिकवलं नाही. मी फी भरून शिकलो.

2014 साली मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी मिळून एक उंच बॉनेटवाली घेतली. 95 हजारांना. पेणला आणली, पत्रा केला, रंग दिला, हूड शिवलं. सव्वा लाख वर गेले. त्यातले 60 हजार आईचे होते. पापड लाटून साठवलेले.

रोह्याचे एक निवृत्त काका बघायला आले. त्यांच्या वडिलांकडे तशीच जीप होती. बॉडीवर हात फिरवला, खूश झाले. मग बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि हळूच बंद केलं. म्हणाले, "दिसते तीच, पण ही ती नाही रे."

आत डिझेल इंजिन होतं. कुणीतरी कधीतरी बदललेलं. आरसीवर पेट्रोल लिहिलेलं, इंजिन नंबर जुळत नव्हता, त्यामुळे नावावरही होईना. संग्राहकाला चालेना, चिखलात घालणाऱ्याला भरवसा वाटेना. शेवटी सुटे भाग करून विकली. 2 लाख 20 हजार घातले, 80 हजार परत आले. आईने एका शब्दाने विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

पैसे देण्याआधी पाच प्रश्न

एक, पिढी पक्की आहे का? चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आरसीशी ताडून बघा. फोटोवर विश्वास ठेवू नका. इंजिन किंवा इंधन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे.

दोन, पत्रा खरा आहे का? आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस. रंगाखाली पत्रा पोखरलेला असतो. खाली झोपून टॉर्चने चॅसी बघा, मॅट उचलून फ्लोअर ठोकून बघा.

तीन, कागद जिवंत आहेत का? खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर पेणला, म्हणजे एमएच-06 ला आणायला एनओसी लागते. मालक हयात नसेल तर वारसांचं प्रकरण आधी मिटवा.

चार, वापर कशासाठी? 50 वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार "व्हिंटेज" नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीची फी 20 हजार. पण मग ती रोज रस्त्यावर किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. आणि पांढऱ्या पाटीची गाडी लग्नाला भाड्याने देणं हा धंदा नाही, दंडाला आमंत्रण आहे.

पाच, गिऱ्हाईक कोण? "कुणीतरी घेईल" हे उत्तर चालणार नाही. संग्राहक, चिखलवाला की हौशी? एक निवडा आणि मगच रंगाचा डबा उघडा.

मग यात छोट्या माणसाला धंदा आहे का?

आहे. पण गाडी विकत घेण्यातच आहे असं नाही. पेणच्या गणपती कारखान्यांकडे बघा. साच्याचं काम एकाचं, रंगाचं दुसऱ्याचं, डोळ्यांची आखणी तिसऱ्याची. ज्याचा हात आखणीत बसलाय, त्याला मूर्तीत भांडवल न घालताही काम मिळतं. जीपचंही तसंच. हूड शिवणं, जुनं वायरिंग, पत्र्याचं काम, एकाच पिढीचे सुटे भाग जमवणं. यातली एक गोष्ट धरा, एकाच पिढीसाठी. गाडी गिऱ्हाईकाची, हात तुमचा. गाडी पडून राहिली तर तुमचं भांडवल अडकत नाही.

तो रोह्याचा मुलगा परत घाटावर गेला, या वेळी टॉर्च आणि आरसीची झेरॉक्स घेऊन. संध्याकाळी फोन आला. "सर, पत्रा चांगलाय. पण इंजिन नंबर जुळत नाही." एफडी जागेवर आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातली एक वस्तू घ्या. तिची कुठली "पिढी" लोक नाव घेऊन मागतात आणि का, ते वरच्या चार कारणांत बसवून लिहा. पुढच्या बॅचला वही घेऊन या. मी तपासणार आहे!