हिवतापाचा छडा लावणारा निळा रंग

सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले म्हणजे हात लाल होतो, आणि पळसाची फुले पाण्यात उकळली म्हणजे रंगपंचमीचा केशरी रंग तयार होतो, हे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मुलांस निराळे सांगावयास नको. परंतु रंगाचे काम वस्त्रे रंगविण्यानेच संपत नाही. डोळ्यांस न दिसणारे रोगजंतू दाखविण्याचे कामही तो करितो. मेथिलीन ब्लू नावाच्या अशाच एका रंगाची हकीकत आम्ही येथे देत आहो.

हा रंग १८७६ साली हाइनरिख कारो नामक जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कापड रंगविण्यासाठी तयार केला. पुढे पाउल एर्लिख याने त्याने जिवंत पेशी रंगवून पाहिल्या, आणि १८९१ साली गुटमान याच्या साहाय्याने हिवतापाच्या दोन रोग्यांस तोच रंग औषध म्हणून दिला. हिवतापाचा परजीवी मात्र त्यापूर्वीच, १८८० साली, लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरास अल्जीरियात न रंगविलेल्या रक्तात दिसला होता. तो डासामध्ये वाढतो, ह्याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांस आपल्याच देशात, सिकंदराबाद येथे, १८९७ च्या ऑगस्टमध्ये सापडला.

आता रंग रोग कसा ओळखवितो ते पाहू. रेशमास चढणारा रंग सुतास तितकाच चढेल असे नाही, हे रंगारी जाणतात. शरीरातील पेशींचेही तसेच आहे. मेथिलीन ब्लू हा अल्कधर्मी रंग असल्यामुळे तो पेशीतील आम्लधर्मी द्रव्यांस चिकटतो. इओसिन हा आम्लधर्मी तांबूस रंग असून तो रक्तातील हिमोग्लोबिनास चिकटतो. तांबड्या रक्तपेशीस केंद्रक नसते, म्हणून ती गुलाबी दिसते. परंतु तिच्यात परजीवी शिरला असेल, तर त्याचे शरीर निळे दिसते. शिवाय मेथिलीन ब्लूपासून उत्पन्न होणारे ॲझुर नावाचे द्रव्य इओसिनशी मिळून परजीवीचे केंद्रक तांबडे करिते. त्यामुळे निळ्या अंगठीत माणकाचा खडा बसवावा तसा तो परजीवी दिसतो. हीच रीत गिम्सा याने १९०४ साली सुधारली. १९४४ साली जसवंतसिंग व भट्टाचार्जी या भारतीय संशोधकांनी स्वस्त व झटपट रंगविण्याची पद्धत बसविली. तिला त्यांच्या नावांवरून जे. एस. बी. रंग म्हणतात.

रक्त तपासण्याची रीत साधी आहे. बोटास सुई टोचून निघालेल्या थेंबाचे काचपट्टीवर दोन लेप करितात, एक जाड व एक पातळ. जाड लेपात रक्त अधिक असल्याने थोडे परजीवीही सापडतात. पातळ लेपात पेशी सुट्या पसरल्यामुळे परजीवीची जात ओळखता येते. तांबडी पेशी एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सुमारे सात भाग एवढीच असते. म्हणून सूक्ष्मदर्शक तिला हजारपट मोठी करून दाखवितो.

जात ओळखणे इतके महत्त्वाचे का, असे कोणी विचारील. व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून राहून पुन्हा ताप आणतो. त्यामुळे त्याचे औषध अनेक दिवस पूर्ण घ्यावे लागते. फाल्सिपेरम जातीचा ताप मेंदूपर्यंत पोहोचून रोग्याचा प्राण घेऊ शकतो, म्हणून त्यात एक दिवसाचा विलंबही परवडत नाही. गडचिरोली जिल्ह्यात ह्या दुसऱ्या जातीचा प्रादुर्भाव फार आहे. दाट अरण्य, ओढे, पावसाळ्यात तुटणारी वाट, ही सर्व डासांस अनुकूल व रोग्यास प्रतिकूल. भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यानेही अशा अनेक तापकऱ्यांची सेवा केली आहे. आज गावोगावच्या आशा कार्यकर्त्या पट्टीवर रक्ताचा थेंब घालून काही मिनिटांत तपासणी करितात. तथापि परजीवी किती आहेत व औषधाने ते कमी होत आहेत की नाही, हे समजण्यास रंगविलेली काचपट्टीच पाहावी लागते.

पालकांस आमची विनंती अशी की, मुलास थंडी वाजून ताप आला असता घरगुती उपायांत अथवा मांत्रिकाच्या दारी वेळ घालवू नये. औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वीच रक्ताचा थेंब काचपट्टीवर द्यावा, कारण औषध पोटात गेल्यावर परजीवी कमी होऊन रोगाचा माग अवघड होतो. आणि ताप उतरला म्हणून औषध अर्ध्यावर सोडू नये. विद्यार्थ्यांनी हे आपल्या घरी व शेजारी समजावून सांगावे. सुई टोचल्याची वेदना क्षणाची असते, आणि त्या एका थेंबावरून डॉक्टरांस योग्य औषध ठरविता येते.