गहाणखतें फाडणारा दरोडेखोर

गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका खेड्यांतील मंडळीच्या भेटीस गेलों असतां, उपासना आटोपल्यावर तेथील तरुण उपदेशकानें आम्हांस एक गोष्ट सांगितली. अमेरिकेंत फ्लॉइड नांवाचा एक दरोडेखोर होता. तो बँका लुटी, पण लुटतांना तिजोरींतील शेतकऱ्यांचीं गहाणखतें काढून फाडून टाकी, म्हणून गोरगरीब त्याला आपला कैवारी मानीत. ही गोष्ट उपदेशांत दाखला म्हणून घेण्यास कांहीं हरकत आहे काय, असा त्याचा प्रश्न होता. ती ऐकतांना जवळ बसलेल्या वडीलधाऱ्या माणसांचे चेहरे खुललेले आम्हीं पाहिले. ज्याच्या बापानें सावकाराच्या खतावर आंगठा उमटविला आहे त्याला ही गोष्ट गोड लागणारच. खरें सांगावयाचें तर आम्हांलाही ती गोड लागली; म्हणूनच आज तिचा नीट अभ्यास करूं.

चार्ल्स आर्थर फ्लॉइड याचा जन्म १९०४ सालीं जॉर्जिया येथें झाला. तो लहान असतांनाच त्याचें कुटुंब ओक्लाहोमांतील एकिन्स या खेड्याजवळ येऊन राहिलें. बाप दुसऱ्याची जमीन कसणारा, पीक मुख्यतः कापसाचें. १९२५ सालीं या तरुणानें सेंट लुई शहरीं एका कंपनीच्या पगाराची रक्कम लुटली व सुमारें साडेतीन वर्षें तुरुंगांत काढलीं. १९२९ सालीं तो सुटला, आणि त्याच वर्षीं त्याच्या बापाला एका इसमानें गोळी घालून ठार केलें. न्यायालयानें त्या इसमास सोडून दिलें. पुढें वर्तमानपत्रांनीं फ्लॉइडला 'देखणा पोरगा' असें टोपणनांव दिलें. तें त्याला मुळींच आवडत नसे.

आतां तो काळ पाहूं. १९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि मंदी खेड्यापाड्यांपर्यंत पोहोंचली. त्या वर्षीं एका पौंडास सोळा-सतरा सेंट मिळवून देणारा कापूस दोनच वर्षांत सहा सेंटांच्याही खालीं आला. पीक तेवढेंच, कष्ट तेवढेच, व्याजही तेवढेंच. उत्पन्न मात्र तिसरा हिस्सा! हप्ता थकला कीं बँक जमिनीवर जप्ती आणी. आणि ज्या बँका जप्ती आणीत त्यांच्याच दारांना कुलपें लागत होतीं: १९३० पासून १९३३ पर्यंत त्या देशांत सुमारें नऊ हजार बँका बुडाल्या. ठेवीदारांना अभय देणारी एक योजना ओक्लाहोमांत १९०८ सालीं सुरू झाली होती, पण ती १९२३ सालींच मोडली होती. म्हणजे एकाच माणसाची जमीन बँकेनें घ्यावी आणि त्याच्या शेजाऱ्याची पुंजी बँकेबरोबर बुडावी, असा तो प्रकार. अशा माणसाला बँक लुटली गेल्याचें दुःख कां व्हावें?

याला दुसरेंही एक कारण होतें, आणि तें सांगतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेंत दारूबंदी अंमलांत आली. ती यावी म्हणून सर्वांत अधिक झटल्या त्या आमच्यासारख्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या, विशेषतः मेथॉडिस्ट व बॅप्टिस्ट. हेतु चांगला होता. दारुड्याच्या बायकापोरांचे हाल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले होते. पण दारू पिणें थांबलें नाहीं, आणि ती विकण्याचा सारा नफा कायदा मोडणाऱ्यांच्या हातीं गेला. शिकागोचा अल कपोन त्यावरच गबर झाला. त्याच्या धंद्यांत किती खून पडले याची गणती नाहीं. तरी १९३१ सालीं त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली ती आयकर बुडविल्याबद्दल! खेड्यांत याचा परिणाम असा झाला कीं शेजाऱ्याची हातभट्टी दिसली तरी न पाहिल्यासारखें करण्याची संवय चांगल्या चांगल्या माणसांना लागली. ओक्लाहोमांत तर दारूबंदी १९०७ पासूनच होती. एकिन्सच्या आसपासच्या कुक्सन टेकड्यांत ज्यांनीं वर्षानुवर्षें भट्ट्या झांकल्या, त्यांना रात्रीं आलेला दरोडेखोर झांकणें जड गेलें नाहीं. तो जेवणाचे पैसेही सढळ हातानें देई.

आतां मूळ गोष्टीकडे येऊं. फ्लॉइडनें गहाणखतें फाडलीं याला निश्चित पुरावा मिळत नाहीं. पण क्षणभर धरून चालूं कीं त्यानें फाडलीं. मग शेतकरी सुटला काय?

तेथील गहाणाचा व्यवहार असा असतो. कर्ज काढणारा दोन कागदांवर सही करतो. पहिला कर्जरोखा, त्यांत अमुक रक्कम अमुक मुदतींत व्याजासह फेडीन असें वचन असतें. दुसरें गहाणखत, त्यांत, न फेडल्यास ही जमीन विकून वसुली करावी, अशी कबुली असते. हें गहाणखत जिल्ह्याच्या नोंदणी कचेरींत नोंदविलें जातें व त्याची नक्कल सरकारी दप्तरांत राहते. दरोडेखोरानें बँकेच्या तिजोरींतील प्रत फाडली तरी कचेरींतील नोंद जशीच्या तशीच उभी! कर्जरोखा फाटला तरी वचन फाटत नाहीं. बँक आपल्या खतावण्या, जमा झालेले हप्ते व साक्षीदार पुढें करून न्यायालयांत कर्ज शाबीत करूं शकते. कोठेंही न नोंदलेलें एखादें किरकोळ कर्ज बुडालेंही असेल. पण ज्या ऋणापायीं घर आणि जमीन जाते, तें असें फाडून जात नाहीं. तें धनकोनें सोडावें लागतें, ऋणकोनें फेडावें लागतें, नाहीं तर कायद्यानें हलकें करावें लागतें. आपल्यापैकीं ज्यांनीं कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्यांना हें अधिक समजावून सांगावयास नको.

आणि लुटलेला पैसा कोणाचा? १ नोव्हेंबर १९३२ रोजीं फ्लॉइडनें सॅलिसॉ गांवची बँक लुटली. हें त्याच्या घराजवळचें गांव. लोक त्याला नांवानें ओळखत. तेथून त्यानें सुमारें अडीच हजार डॉलर नेले. ठेवींना सरकारी विम्याचें संरक्षण देशभर मिळूं लागलें तें १ जानेवारी १९३४ पासून, आणि तेंही आरंभीं एका ठेवीदारास अडीच हजारांपर्यंतच. त्यापूर्वीं बँकेनें आपल्यापुरता चोरीचा विमा उतरविला असेल तर तिचें नुकसान भरून येई. पण जेथें वरचेवर दरोडे पडतात तेथें तो विमा महागणार आणि तो खर्च शेवटीं कर्जदाराच्याच माथीं बसणार.

त्याच वर्षीं एप्रिलांत बिक्स्बी गांवाजवळ एका शेतावर एर्व्ह केली यानें फ्लॉइडला गांठलें. केली हा पूर्वीं आपल्या जिल्ह्याचा शेरीफ, म्हणजे पोलिसांचा मुख्य, होता. फ्लॉइडनें त्याला गोळ्या घालून ठार केलें. पुढें १७ जून १९३३ रोजीं कॅन्सस सिटीच्या रेल्वे स्टेशनाबाहेर चार अधिकारी व एक कैदी मारले गेले, त्याचाही आरोप सरकारनें फ्लॉइडवर ठेविला. तो त्यानें साफ नाकारला, आणि तो वाद अजून मिटलेला नाहीं. म्हणून तें खून आम्ही त्याच्या माथीं मारीत नाहीं. केलीच्या खुनाविषयीं मात्र असा वाद नाहीं. आमच्या उपदेशकाच्या गोष्टींत केलीचें नांव आलेंच नव्हतें. जमाव बरब्बाची सुटका मागतो तेव्हां त्यानें कोणाचा जीव घेतला होता याची आठवण त्याला राहत नाहीं.

मग जप्ती कोणीं थांबविली? ही हकीकत कमी लोकांस ठाऊक आहे, आणि आम्हांस ती दरोडेखोराच्या गोष्टीहून अधिक रसाळ वाटते. आयोवा, नेब्रास्का या भागांत कोणा शेतकऱ्याचीं गुरें व अवजारें लिलावास निघालीं कीं आसपासचे शेकडों शेजारी तेथें जमत. घोड्याला बोली पांच सेंटांची, गाईला दहा सेंटांची. त्यावर कोणी चढवावयाचें नाहीं. बाहेरचा कोणी चढवूं लागला तर कोठाराच्या तुळईला टांगलेला फांस त्याला मुकाट्यानें दाखवीत. सारा लिलाव चारदोन डॉलरांत उरके, आणि शेजारी सर्व वस्तु मूळ मालकाला परत देत. तो फांस आम्हांस आवडत नाहीं, हें येथेंच सांगतों. तो कोठवर नेतो तें २७ एप्रिल १९३३ रोजीं आयोवांतील लेमार्स येथें दिसलें. जप्तीच्या हुकुमांवर सही करणार नाहीं असें वचन न्यायाधीश देईना, तेव्हां शेतकऱ्यांनीं त्याला न्यायासनावरून ओढून गांवाबाहेर नेलें व गळ्यांत दोरी घातली. त्यानें वचन दिलें नाहीं. सर्वांचा न्याय व्हावा एवढीच प्रार्थना केली. अखेर जमाव वरमला व त्याला तेथेंच सोडून निघून गेला. मग गव्हर्नरनें तेथें लष्कर पाठविलें.

पण या साऱ्या गडबडीचा आवाज कायदेमंडळांत पोहोंचला होता. आयोवानें फेब्रुवारी १९३३ मध्येंच जप्त्या तहकूब ठेवण्याचा कायदा केला होता. मिनेसोटानें एप्रिलांत केला. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणें न्यायालय कर्जदाराला जमीन सोडवून घेण्यास मुदत वाढवून देई, मात्र त्यानें तोंवर वाजवी भाडें भरलें पाहिजे. सावकारी कंपनीनें त्याविरुद्ध वरिष्ठ न्यायालयापर्यंत दाद मागितली. जानेवारी १९३४ मध्यें पांच विरुद्ध चार मतांनीं कायदा टिकला. एक मत इकडचें तिकडे झालें असतें तर किती घरांना कुलूप लागलें असतें! मे १९३३ मध्यें मध्यवर्ती सरकारनेंही कायदा करून शेतकऱ्यांचीं जुनीं कर्जें कमी व्याजानें व लांब मुदतीनें नवीं करून देण्यास आरंभ केला होता. हे कागद कोणी फाडले नाहींत, बदलून लिहिले.

फ्लॉइडचा शेवट २२ ऑक्टोबर १९३४ रोजीं ओहायोंत झाला. ईस्ट लिव्हरपूल गांवाजवळ एका शेतकरी विधवेच्या दारीं जाऊन त्यानें अन्न मागितलें. तिनें त्याला जेवूं घातलें, त्यानें तिला एक डॉलर दिला. थोड्याच वेळांत पोलीस येऊन पोहोंचले आणि शेतांतून पळतांना गोळ्या लागून तो मेला. वय अवघें तीस. एकिन्सला त्याच्या दफनविधीस हजारों माणसें लोटलीं. १९३९ सालीं वुडी गथरी या गवयानें त्याच्यावर गाणें रचलें आणि गहाणखतांची गोष्ट जगभर पसरली.

त्या तरुण उपदेशकाला आम्हीं सांगितलें कीं, दाखला घ्यावयाचा तर घे, पण आरंभ बिक्स्बीच्या त्या शेतापासून कर, जेथें केली पडला. त्यानें वही काढून तें नांव लिहून घेतलें. मग थोडा वेळ थांबून त्यानें विचारलें, "पाळकसाहेब, गळ्यांत दोरी असतांनाही वचन न देणाऱ्या त्या न्यायाधीशाचें नांव काय?"

"ब्रॅडली," आम्ही म्हणालों. तेंही त्यानें लिहून घेतलें.