दोन डझन विमानं आणि एक संध्याकाळ

अगं, दोन डझन छोटी विमानं जमवलीस, रंगवलीस, पंखांवरची चक्रं इतकी नेटकी काढलीस की बघत राहावं. आणि आता टेबलावर त्यांची लढाई खेळायला नियमांचं पुस्तक कुठलं घ्यायचं म्हणून अडलीयस. तर जरा ऐक. पुस्तकाच्या वेष्टनावर चित्रं सुंदर असतात; मी सांगतेय ते तिथं छापलेलं नसतं.

'सगळ्यात खरे नियम कोणते?' हा प्रश्न आधी डोक्यातून काढून टाक. एका भिडूच्या वाट्याला किती विमानं येणार आणि हाताशी वेळ किती, एवढंच बघ. चौघीजणी बसलात तर प्रत्येकीकडं सहा विमानं आली. एका विमानाची चाल ठरवायची, ते सरकवायचं, नेम बसतोय का बघायचं, फासे टाकायचे, याला मिनिटभर धर. एक फेरी चोवीस मिनिटांची झाली. दहा फेऱ्यांच्या डावाला चार तास. तोवर एकीला घरून फोन येतो, दुसरी मोबाइलमध्ये डोकं घालून बसते, आणि पुढच्या रविवारी दोघीच उरतात. खेळ वाईट नसतो गं, हिशेब चुकलेला असतो.

खासबागेच्या आखाड्यात कुस्ती बघताना एकेक पकड दिसते, कुणाचा पाय कुठं अडकला ते कळतं, कारण लाल मातीत दोनच पैलवान असतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा फुटबॉल सामना असला की प्रत्येकाच्या पायाकडं कोण बघत बसतं? चेंडू कुणाकडं आहे, कुठली बाजू मोकळी पडली, यावर नजर असते. विमानांच्या नियमांतही हेच दोन प्रकार आहेत, आणि तुझा माल दुसऱ्या प्रकारचा आहे.

पहिल्या प्रकारातलं चांगलं उदाहरण म्हणजे 'चेक युअर सिक्स'. षट्कोनी घरांचा पट असतो. प्रत्येक विमानाची चाल आधी गुपचूप कागदावर लिहायची, मग विमान हलवायचं. वेग लिहायचा, उंची लिहायची. फार सुंदर नियम आहेत, समोरचीच्या मनात काय आहे ते ओळखण्यात खरी गंमत. पण एकीला दोन, फार तर तीन विमानं द्यायची. सहा विमानांची चाल लिहायला बसलीस की डाव सोडून वहीच भरत बसशील. 'विंग्ज ऑफ वॉर', जे आता 'विंग्ज ऑफ ग्लोरी' म्हणून मिळतं, त्याचंही तसंच. पहिल्या महायुद्धाच्या खेळात तीन चालींचे पत्ते आधी उलटे मांडून ठेवायचे, मग एकेक उघडायचा. नवख्या मुलीला दहा मिनिटांत समजतो, म्हणून मला तो आवडतो. पण एकीला एकच विमान, हीच त्याची तब्येत आहे.

गर्दीसाठी माझं मत विचारशील तर 'ब्लड रेड स्काइज'. अँडी चेंबर्स यांनी लिहिलेले, २०१८ मध्ये वॉरलॉर्ड गेम्सनं काढलेले नियम. त्यात उंचीचा आकडा लिहून ठेवायची भानगडच नाही. विमान वरचढ, बरोबरीत किंवा अडचणीत, या तीनच अवस्था, आणि विमान स्टँडवर कसं कललंय त्यावरून त्या लांबूनही दिसतात. वरचढ विमानं आधी हलतात, त्यांच्यातही कसलेल्या वैमानिकाचं पहिल्यांदा. टेबलावर नजर फिरवली की पुढं कुणाची पाळी ते कळतं.

त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. तुकडीला मार बसला की तिच्या नावावर चकत्या जमत जातात, आणि उरलेल्या विमानांपेक्षा चकत्या जास्त झाल्या की ती तुकडी घरी परत फिरते. शेवटचं विमान पडेपर्यंत डाव ओढायचा नाही. खऱ्या आकाशातही असंच होतं. इंधन संपत येतं, गोळ्या संपतात, फळी मोडते, आणि बहुतेक जण जिवंत परततात. कुठलंही पुस्तक हातात घेशील तेव्हा हे कलम आधी शोध. तुकडी माघार कधी घेते, हे ज्या नियमांत लिहिलेलं नाही, ते दोन डझन विमानांसाठी घेऊ नकोस.

आता तुझ्या भारतीय नॅट आणि पाकिस्तानी सेबरबद्दल. ही जोडी तू आपणहून निवडलीस याचं मला मनापासून कौतुक आहे. इंग्लंडवरच्या लढाया सगळेच मांडतात, आपल्या आकाशातल्या कुणी मांडत नाही. तुझी विमानं दोनशेपट लहान मापाची आहेत ना? मग पट्टी लावून बघ. खऱ्या नॅटचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम पावणेसात मीटर, म्हणजे तुझ्या टेबलावर साडेतीन सेंटिमीटरपेक्षाही कमी. शेजारी सेबर ठेव, ते साडेपाचच्या पुढं जातं. या फरकावर लढाई फिरली आहे गं. एवढंसं विमान नजरेला पडायलाच वेळ लागायचा. त्यात तीस मिलिमीटरच्या दोन तोफा. बसल्या तर एका झटक्यात काम, पण ऐन वेळी अडकायच्याही. सेबरला सहा मशीनगन. दोन्ही विमानांना एकसारखे आकडे देणारे नियम असतील तर पुस्तक मिटून ठेव, मग ते कितीही झटपट असोत.

सुरुवात बॉयऱ्याच्या लढाईपासून कर. २२ नोव्हेंबर १९७१. पूर्व सीमेवर पाकिस्तानी सेबर आपल्या फौजेवर आणि मुक्तिवाहिनीवर मारा करत होती. बावीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनची चार नॅट उठली. मॅसी, सुआरेस, गणपती आणि लाझारस. जमिनीवर रडारपाशी बसलेले बागची त्यांना दिशा देत होते. थोड्याच वेळात दोन सेबर पडली आणि त्यांचे वैमानिक पॅराशूटनं उतरून कैद झाले. त्यातले परवेझ मेहदी कुरेशी पुढं पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. विमानं मोजकी, म्हणून इथं चाल लिहायचे बारीक नियमही चालतील. पण तुझ्या पुस्तकात 'शत्रू दिसला की नाही' याचा नियम आहे का ते तपास. माझ्या मते ती लढाई बागचींनी अर्धी आधीच जिंकून दिली होती. सेबरवाल्या मुलीला नॅट पहिल्या फेरीपासून टेबलावर दिसत असतील तर बॉयरा झालंच नाही, नुसती झटापट झाली.

श्रीनगर मात्र जपून मांड. १४ डिसेंबर १९७१ ला धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊन उठले आणि सहा सेबरच्या अंगावर गेले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे. 'जास्त विमानं पाडेल तो जिंकला' असला नियम तिथं लावलास तर डाव सुरू होण्याआधीच संपलेला असेल, आणि मला ते बरंही वाटणार नाही. सेबरना धावपट्टीवर नीट मारा करू दिला नाही अशा प्रत्येक फेरीला नॅटच्या बाजूनं गुण दे. विजयाची अट अशी बदलता येते का, हेही नियम निवडताना बघायचंच.

एक खर्चाचंही सांगते. परदेशी स्टँड मागवत बसू नकोस. उद्यमनगरात लेथवाल्याकडं एक नमुना घेऊन जा, बूड जड हवं म्हणून सांग, आणि दांडीला सायकलचा आरा लाव. दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेलं पोतं आणि हिरवा भुसा घरात असेलच, तेच खाली पसर. आपल्याकडच्या पोरांना मावळे मांडायची सवय असतेच, विमानं मांडायला वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि आधी पैसे घालू नकोस. नियमांची चाचणी सोडाच्या बाटल्यांच्या झाकणांवर कर. चोवीस झाकणं, अर्धी लाल, अर्धी पांढरी, प्रत्येकावर खडूनं बाण. तीन फेऱ्या खेळा आणि मोबाइलवर घड्याळ लावा. एक फेरी दहा मिनिटांत बसली तर ते पुस्तक घे. पंधराला पोचली तर विमानं जोडीजोडीनं हलवायला लाव, पुढच्या विमानाची चाल ठरवली की मागच्यानं त्याच्या मागोमाग जायचं. खरे वैमानिकही जोडीनंच उडतात. त्यानंतरही वेळ आवरत नसेल तर ते नियम चार विमानांच्या डावासाठी बाजूला ठेव आणि दुसरे बघ. येत्या रविवारीच बसा, मैत्रिणींना आजच सांगून ठेव.